संकेतस्थळाचा क्रमांक कोण मोजतो?

परदेशातील आपल्या संस्थांच्या बैठकांत पूर्वी विषय ठरलेले असत. जयंतीसाठी सभागृह कोणते घ्यावे, भोजनाची व्यवस्था कोणी पाहावी, स्मरणिकेच्या जाहिराती कोणी गोळा कराव्यात आणि गतवर्षीची शिल्लक किती. अलीकडे या विषयपत्रिकेत एका नव्या विषयाची भर पडली आहे. संस्थेचे संकेतस्थळ गुगलवर कितव्या क्रमांकावर येते, हा तो विषय. एक सभासद सांगतात, आपण पहिले आहोत. दुसरे म्हणतात, छे, सहावे. तिसऱ्यांना तर पहिल्या पानावर संस्थेचे नावच आढळत नाही. तिघेही आपापला मोबाइल पुढे करतात आणि तिघेही खरेच बोलत असतात. मग कोणीतरी तोडगा सुचवितो की हा वादच नको. महिन्याला काही पौंड घेऊन हा क्रमांक आपोआप मोजून देणारी साधने मिळतात, त्यांतले एखादे घेऊन टाकू.

या तोडग्याविषयी आमचे मत काय, हे सांगण्यासाठी यंदाचे संपादकीय आम्ही हेतुतः राखून ठेवले आहे. विषय तांत्रिक आहे, स्मरणिकेला शोभणारा नाही, असे कोणी म्हणेल. परंतु जो पैसा खर्च व्हायचा तो सभासदांच्या वर्गणीचा आहे. शिवाय या देशात नव्याने उतरलेल्या आपल्या माणसाची संस्थेशी पहिली गाठ आता सभागृहात पडत नाही, ती मोबाइलच्या पडद्यावर पडते. तेव्हा हे प्रकरण केवळ संगणक जाणणाऱ्या तरुण सभासदांवर सोपवून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रथम ही साधने करतात काय, ते पाहू. आपण त्यांना दहा-वीस शब्द देतो आणि आपल्या संकेतस्थळाचा पत्ता देतो. साधन तो प्रत्येक शब्द शोधयंत्राला विचारते, आलेले निकालाचे पान माणसाऐवजी स्वतःच वाचते, त्यात आपला पत्ता कितव्या जागी आहे ते मोजते आणि तक्त्यात लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाअखेरीस हिरव्या-तांबड्या बाणांनी सजविलेला अहवाल येतो. यात जादू काहीच नाही. एखाद्या चिकाटीच्या कारकुनाने रोज सकाळी करावे असे हे काम आहे. फक्त तो कारकून थकत नाही आणि दिवसाला हजारो वेळा तोच प्रश्न विचारू शकतो.

हा धंदा नवा नाही. गुगलचा जन्म १९९८ चा. त्यापूर्वीच अल्टाव्हिस्टा, लायकोस, एक्साइट यांसारख्या शोधयंत्रांच्या काळात क्रमांक तपासणारे संगणकीय कार्यक्रम विकले जाऊ लागले होते. त्यांतील ‘वेबपोझिशन गोल्ड’ हा इतका बोकाळला, की गुगलने संकेतस्थळचालकांसाठी लिहिलेल्या आपल्या सूचनांत त्याचे नाव घेऊन, असल्या यांत्रिक विचारणा करणारी उत्पादने वापरू नयेत असे बजावले होते. त्याच सुमारास, २००२ मध्ये, गुगलने एक राजमार्गही खुला केला होता. नोंदणी करणाऱ्यास दिवसाला १००० प्रश्न यंत्राद्वारे अधिकृतपणे विचारता येत. डिसेंबर २००६ पासून त्याची नवी परवानगी देणे थांबले आणि २००९ मध्ये ती सेवाच बंद झाली. यंत्राने विचारणा करण्यास गुगलची मनाई मात्र कायम राहिली. आजच्या नियमांतही, क्रमांक तपासण्यासाठी निकालपाने यंत्राने उपसणे हा प्रकार स्पष्ट शब्दांत निषिद्ध वाहतुकीत मोडतो.

म्हणजे ही साधने ज्याच्या दारात उभी राहून मोजणी करतात, त्याच घरधन्याला ती नको आहेत. ही लपाछपी गेली पंचवीस वर्षे चालू आहे आणि अलीकडे ती तीव्र झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने जावास्क्रिप्ट न चालविणाऱ्या विचारणांना निकाल देणे थांबविले, तेव्हा अनेक साधनांचे अहवाल काही काळ कोलमडले. सप्टेंबर २०२५ मध्ये एका फटक्यात १०० निकाल मागविण्याची सोय बंद झाली. जे काम एका विचारणेत होई त्याला दहा लागू लागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर निकालपाने उपसून विकणाऱ्या एका कंपनीविरुद्ध गुगलने अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला. या झगड्यात कोणाची बाजू न्याय्य, याचा निवाडा आम्ही करीत नाही. (दुसऱ्यांची पाने उपसूनच मोठे झालेल्या यंत्राने आपले पान उपसण्यास मनाई करावी, यातील विनोद मात्र आमच्या नजरेतून सुटलेला नाही.) आमच्यापुढील मुद्दा साधा आहे. नियम चुकवून मिळविलेल्या आकड्यासाठी वर्गणीचा पैसा मोजावा काय? आणि एखाद्या उत्साही सभासदाने फुकटचा कार्यक्रम घरच्या संगणकावर चालविला, तर गुगल त्या जोडणीवरून येणारी वाहतूक असामान्य ठरविते आणि घरातील मुलांना साधा गृहपाठ शोधतानाही चित्रांची कोडी सोडवीत बसावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

सप्टेंबर २०२५ मधील त्या घटनेचा एक परिणाम मात्र फार बोलका ठरला. गुगल संकेतस्थळाच्या मालकाला ‘सर्च कन्सोल’ नावाची एक वही विनामूल्य देते. तिच्याविषयी पुढे सांगू. त्या वहीत आपले पान किती वेळा निकालात दिसले, याची नोंद असते. १०० निकालांची सोय बंद होताच जगभरच्या असंख्य संकेतस्थळांच्या वहीत हा ‘दिसण्याचा’ आकडा एकाएकी घसरला. वाचक कमी झाले नव्हते, भेटीही घटल्या नव्हत्या. या क्षेत्रातील जाणत्यांनी काढलेले अनुमान असे, की त्या आकड्याचा मोठा हिस्सा माणसांचा नव्हताच. क्रमांक मोजणाऱ्या यंत्रांनी १००-१०० निकाल उघडताना पडलेल्या त्या नोंदी होत्या. सभेला गर्दी किती जमली हे मोजण्यासाठी माणसे नेमावीत आणि मोजणाऱ्यांनीच सभागृह भरून जावे, असा हा प्रकार.

आता त्या तीन मोबाइलांकडे वळू. तिघांना तीन क्रमांक का दिसले? कारण सर्वांसाठी एकच अशी यादी आता अस्तित्वातच नाही. शोधणारा कोठे बसला आहे, त्याच्या यंत्राची भाषा कोणती, तो मोबाइलवर आहे की संगणकावर, पूर्वी त्याने काय उघडले आहे, या साऱ्यांवर निकाल बदलतात. डिसेंबर २००९ पासून गुगलने खाते न उघडणाऱ्यांनाही त्यांच्या मागील शोधांनुसार निकाल देण्यास आरंभ केला. २०१७ पासून देशाचा निकाल ठरतो तो पत्त्याच्या शेपटीवरून नव्हे, तर माणूस प्रत्यक्ष कोठे आहे त्यावरून. लेस्टरमध्ये बसलेल्याला जे दिसते ते साउथॉलमध्ये बसलेल्याला दिसेलच असे नाही, आणि नागपूरच्या नातेवाइकाने फोनवर सांगितलेला क्रमांक तर आपल्या दृष्टीने निरुपयोगीच. अध्यक्षमहाशय रोज स्वतःचेच संकेतस्थळ उघडतात, म्हणून त्यांच्या मोबाइलवर ते पहिले दिसले, तर त्यात नवल ते कोणते?

स्वयंचलित साधनाचा विक्रेता म्हणेल, म्हणूनच तर आमची गरज आहे. आमचे यंत्र निःपक्षपाती आहे, त्याला मागील आवडनिवड नाही. हे खरे आहे. पण त्या निःपक्षपाती यंत्राला जे दिसते ते आपल्या एकाही माणसाला दिसत नाही, हेही तितकेच खरे. हजार वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत आपण चढलो की उतरलो, याचा कल महिनोन्‌महिने पाहण्यासाठी अशी साधने उपयोगी पडतात, हे आम्ही नाकारीत नाही. आपली संस्था काय विकते? आपला प्रतिस्पर्धी कोण? दुर्दैवाने काही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर ‘शेजारच्या गावातील आपलीच दुसरी संस्था’ असे येते. व्यासपीठावरील पहिल्या खुर्चीचा वाद गुगलच्या पहिल्या ओळीपर्यंत नेण्यासाठी पैसे खर्चावेत, यास आमची मुळीच संमती नाही.

याहून मोठा दोष शब्दांच्या निवडीत आहे. कार्यकारिणी साधनाला शब्द देते तो संस्थेच्या नावाचा. संस्थेच्या नावाने शोधल्यावर संस्थाच प्रथम येणार. त्यात कसली कमाई? ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यापाशी बहुधा सचिवांचा दूरध्वनीही असतो. जो खरोखर शोधत असतो त्याला नावच ठाऊक नसते. सप्टेंबरमध्ये विद्यापीठात दाखल झालेली मुलगी आपल्या माणसांचा शोध घेते, तेव्हा ती संस्थेचे चौदा शब्दी नोंदणीकृत नाव लिहीत नाही. ज्या कुटुंबाला विवाह बौद्ध पद्धतीने लावायचा आहे ते शहराचे नाव आणि ‘बौद्ध विवाह’ एवढेच लिहिते. आणि ज्या घरात अकस्मात मृत्यू झाला आहे, नातेवाईक भारतात आहेत, दहनगृहाने वेळ दिली आहे आणि त्रिशरण-पंचशील म्हणणारे कोणी हवे आहे, तेथील माणूस रात्री दोन वाजता मिळेल त्या लिपीत, चुकतमाकत काहीतरी लिहितो. आपले संकेतस्थळ या माणसाला सापडते काय? हा एकच क्रमांक आमच्या लेखी मोजण्याजोगा आहे, आणि नेमका तोच अहवालात नसतो, कारण ते शब्द साधनाला कोणी दिलेलेच नसतात.

लिपीचा प्रश्न येथे अधिक विस्ताराने मांडणे अवश्य आहे. रोमन लिपीत ‘बौद्ध’ हा शब्द कोणी एका ‘डी’ने लिहितो, कोणी दोन ‘डी’ंनी, कोणी शेवटी ‘एच’ जोडतो. देवनागरीत आपण ‘आंबेडकर’ लिहितो, हिंदी भाषक ‘अंबेडकर’ अथवा ‘आम्बेडकर’ लिहितो. शोधयंत्रे यांतील बरीच रूपे आता एकमेकांशी जुळवून घेतात, पण सर्वच नव्हे. आणि साधनाला एकच रूप दिले तर उत्तरही त्या एकाच रूपाचे मिळते.

त्याहून गंभीर बाब आपल्या जुन्या स्मरणिकांची. अनेक संस्थांनी मागील वीस-पंचवीस वर्षांच्या स्मरणिका पीडीएफ करून संकेतस्थळावर चढविल्या आहेत. काम स्तुत्य आहे. पण मराठी शब्दांनी शोधले असता त्यांतील एकही लेख वर येत नाही. साधन सांगते, ‘पहिल्या शंभरात नाही’. कार्यकारिणीला वाटते, क्रमांक खाली आहे, तो वर आणण्यासाठी कोणाला तरी पैसे द्यावेत. वस्तुस्थिती बहुधा निराळीच असते. त्या स्मरणिका कृतिदेव, शिवाजी, सुशा अथवा श्री-लिपीच्या जुन्या टंकांत जुळविलेल्या असतात. त्या टंकांत देवनागरी अक्षराचे केवळ चित्र असते; ते रोमन अक्षरांच्या अथवा चिन्हांच्या जागी बसविलेले असते. कागदावर छापले की मराठी उत्तम दिसते, पण यंत्राच्या हाती येतात त्या अर्थहीन चिन्हांच्या माळा. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. आपले छपाईचे व्यवहार मात्र पुढे कितीतरी वर्षे जुन्या टंकांवरच चालत राहिले. परिणामी आपल्या माणसांनी जीव ओतून लिहिलेले लेख यादीत खाली आहेत असे नव्हे, ते मराठी म्हणून यादीत नाहीतच. जे यंत्राला वाचताच येत नाही त्याचा क्रमांक मोजण्यासाठी दुसरे यंत्र ठेवणे, याला काय म्हणावे?

याची परीक्षा कोणासही घरी घेता येईल. पीडीएफमधील एक ओळ निवडून तिची नक्कल करावी आणि एखाद्या कोऱ्या संदेशात चिकटवावी. मराठी उमटले तर ठीक. चित्रविचित्र चिन्हे उमटली तर शोधयंत्रालाही तीच दिसत आहेत असे समजावे. ओळ निवडताच येत नसेल, तर ती पाने नुसती छायाचित्रे आहेत. त्यांवरील अक्षर ओळखण्याचा प्रयत्न शोधयंत्रे करतात, पण जुन्या, फिकट मराठी छपाईपुढे त्यांची त्रेधा उडते. यावर उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये आणणे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, परंतु जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी येथे ते हमखास घसरतात, म्हणून नंतर जाणत्या माणसाने मुद्रितशोधन करावेच लागते. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक थोडे नाहीत. काही मंडळी तर मुलांकडे राहावयास म्हणून सहा-सहा महिने येथे असतात. काम त्यांच्या जोगे आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. जुन्या स्मरणिकांत सभासदांच्या याद्या असत. नाव, गाव, पत्ता, दूरध्वनी, मुलांची छायाचित्रेसुद्धा. कागदावर ते घरच्याघरी राहत असे. तीच यादी शोधता येण्याजोगी झाली की सभासदाचे नाव लिहिताच त्याचा समाज त्याच्या वरिष्ठास आणि शेजाऱ्यास कळतो. काहींना त्याचा अभिमान वाटेल, काहींना तो निर्णय स्वतः घ्यावासा वाटेल. तो अधिकार त्यांचा आहे. लेख शोधयंत्राला द्यावेत, याद्या वगळाव्यात. एखादे पान यादीत घेऊ नये असे शोधयंत्राला सांगण्याची सोय आहे, पण याद्या मुळात चढवूच नयेत हे अधिक बरे.

आता त्या वहीविषयी. सर्च कन्सोलमध्ये संस्थेने आपली मालकी सिद्ध केली, की लोकांनी कोणते शब्द लिहिले असता आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी ते उघडले आणि सरासरी क्रमांक काय होता, हे देशवार कळते. हा आकडा कोठल्या तरी दूरच्या यंत्राने मोजलेला नसून प्रत्यक्ष निकालांतून आलेला असतो, आणि तो देणारा खुद्द शोधयंत्राचा मालक असल्याने नियमभंगही नाही. यंत्रांनी पाडलेल्या नोंदी त्यातही मिसळू शकतात हे वर आलेच. म्हणून ‘दिसण्याच्या’ आकड्यापेक्षा उघडणाऱ्यांचा आकडा आणि त्यांनी लिहिलेले शब्द पाहावेत. अगदी विरळा विचारले जाणारे शब्द गोपनीयतेस्तव दाखविले जात नाहीत, एवढी उणीव आहे. नोंदी १६ महिने राहतात. आपल्यासारख्या जयंती ते जयंती चालणाऱ्या संस्थेला हा काळ सोयीचा आहे, कारण त्यात दोन एप्रिल सहज येतात आणि यंदाच्या एप्रिलची गतवर्षीशी तुलना करता येते. त्यापूर्वीचे हवे असेल तर दरवर्षी उतरवून ठेवावे. आम्ही तर म्हणू, इतिवृत्ताच्या वहीलाच जोडावे.

या वहीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. बहुतेक ठिकाणी ती एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या खासगी ईमेलवर असते. निवडणूक होते, मने दुखावतात, आणि किल्ली त्यांच्याबरोबर जाते. एकाहून अधिक मालक नोंदविण्याची सोय आहे. ती वापरावी आणि पदभार देता-घेता बँकेच्या सह्यांबरोबर हाही बदल करावा.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२४ पासून या देशात गुगलच्या अनेक निकालांवर, यादीच्याही वर, कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर येऊ लागले आहे. विचारणाऱ्याचे तेवढ्यावर भागले तर पहिल्या क्रमांकाच्या पानावरही तो येत नाही. तेव्हा ‘पहिला क्रमांक’ या शब्दप्रयोगाचा अर्थच पातळ होत चालला आहे. पहिल्या क्रमांकाची हमी देणारी पत्रे संस्थांना येतच असतात. तशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच लिहून ठेवले आहे. त्यामुळे अशा पत्रांना उत्तर देण्याचेही कारण नाही.

सबब आमची कार्यकारिणीस शिफारस अशी. क्रमांक मोजणारे साधन यंदा घेऊ नये. त्यासाठी सुचविलेली रक्कम जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणण्याकडे वळवावी. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर विवाह, अंत्यविधी, धम्मवर्ग आणि नवागत विद्यार्थी यांसाठी कोणाला दूरध्वनी करावा, हे मराठीत आणि इंग्रजीत, साध्या शब्दांत लिहावे. सध्या काही संस्थांच्या संकेतस्थळांवर तीन कार्यकारिणींपूर्वीच्या सचिवांचा क्रमांक झळकतो आहे. दुःखाच्या रात्री तो लावणाऱ्याला ते पान यादीत कितवे होते, याच्याशी काही कर्तव्य नसते.

आपणांस एक विनंती. या देशात प्रथम आलात तेव्हा आपल्या माणसांना शोधण्यासाठी कोणते शब्द लिहिले होते, हे आठवत असेल तर कळवावे. जसे लिहिले होते तसेच, चुकीच्या रूपासह, त्याच लिपीत. स्मरणिकेच्या शेवटी त्यासाठी एक कोरे पान जोडले आहे. ते फाडून जयंतीच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर द्यावे. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.